आग्या मोहोळाखालचा वाद

मी नागपूरला गेलो होतो तो देव नाही हे सांगायला. "ते इथंच सांगा की. एवढ्या लांब कशाला जाताय? आम्ही तरी कुठं ऐकतोय!" असं घरून म्हणणं पडलं, पण बोलावणं नागपूरहून आलं होतं, कोल्हापुरातून नाही. कोल्हापुरात मी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, आणि पोरांना पाकळ्या मोजायला लावण्यापलीकडे माझं मत कोणी विचारत नाही. मागे एका मासिकात मी 'फुलाचा रंग कोणासाठी?' असा लेख लिहिला होता. रंग आपल्यासाठी नाही, कवींसाठी तर नाहीच; तो किड्यांसाठी आहे आणि त्यासाठी कुणा रंगाऱ्याची गरज पडलेली नाही, एवढंच त्यात होतं. तो लेख कोल्हापुरात कोणी वाचला नाही. नागपुरात वाचला, आणि तिथल्या एका वाचनालयाच्या मंडळाने मला जाहीर वादासाठी बोलावलं. विषय होता: 'सृष्टीचे आश्चर्य कर्त्याची साक्ष देते काय?' 'नाही' म्हणायला मी. 'होय' म्हणायला नागपूरचेच एक निवृत्त इंजिनियर. शेवटी श्रोत्यांनी हात वर करून निकाल द्यायचा. आणीबाणी उठल्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा. लोकांना हात वर करायची नव्याने हौस आली होती.

इंदोरा

गाडीच्या प्रवासाचं सांगत नाही. तिच्यात सांगण्यासारखं एवढंच, की ती पोहोचली. स्टेशनवर मंडळाचे चिटणीस गजभिये घ्यायला आले होते. हायस्कुलात मराठी शिकवणारे उंच, सडपातळ गृहस्थ. बोलताना अर्धं वाक्य पुस्तकी आणि अर्धं नागपुरी.

"कोल्हापूर म्हणजे पुण्याकडेच ना, सर?"

मी कोल्हापूरचा वेगळा इतिहास, वेगळा भूगोल आणि वेगळा रस्सा त्यांना थोडक्यात समजावून सांगितला. ते मान डोलवत होते. मग समोरून आलेल्या मंडळाच्या एका सभासदाला त्यांनी माझी ओळख करून दिली: "हे पुण्याकडचे प्रोफेसर." पुढच्या दिवसांत मला कळलं, की वर्धा ओलांडली की नागपूरकराचं पुणं सुरू होतं आणि ते थेट अरबी समुद्रापर्यंत जातं. मी नाद सोडला.

वाटेत एका टपरीवर त्यांनी तर्री-पोहे खायला घातले. पोह्यांवर हरभऱ्यांची लालभडक तर्री ओततात. आपण कोल्हापूरचे, तिखटाला भिणार थोडेच, म्हणून मी तर्री पुन्हा मागून घेतली. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा गजभिये दुसरीकडे पाहत राहिले. पाहुण्याची लाज राखायची ही तिथली पहिली रीत मला दिसली.

त्यांचं घर इंदोऱ्यात. बायको डॉक्टर; कामठीला तिचा दवाखाना. पुढच्या खोलीत बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्यापुढे ताजी शेवंती. चहा घेताना मी गजभियांना विचारलं, की या वादात तुमची बाजू कोणती?

"आमची?" ते हसले. "सर, आम्ही छप्पन साली देव सोडले. मी तेव्हा कॉलेजात होतो. पण फुलाकडे पाहून नाही सोडले. विहिरीकडे पाहून सोडले."

मी चहाची बशी खाली ठेवली. माझ्या लेखात पाकळ्या होत्या, पराग होते, फुलपाखरांची सोंड होती; विहीर नव्हती.

"मग हा विषय ठेवला कशासाठी?"

"दोन्ही बाजूंनी बोलणारे मिळाले म्हणून. आणीबाणीच्या आधी 'विदर्भ वेगळा हवा काय' असा ठेवला होता. 'नको' म्हणायला कोणी मिळेचना!"

धरमपेठ

संध्याकाळी गजभिये मला माझ्या प्रतिपक्षाकडे घेऊन गेले. आमच्याकडे कुस्तीआधी पैलवान एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. नागपुरात आधी जेवायला बोलावतात.

भोयरसाहेबांचं घर धरमपेठेत, पुढे बाग, बागेत एक जुनी फियाट. काटोलकडच्या शेतकरी घरातला माणूस. पाटबंधारे खात्यात वरपर्यंत चढला, पण बोली काटोलचीच ठेवली. धिप्पाड देह, पांढऱ्या मिशा, कपाळाला अष्टगंध.

"या प्रोफेसरसाहेब, या! देव नाही म्हणता म्हणे तुम्ही?"

"पुरावा मिळाला तर आहे म्हणेन."

"आत्ता देतो न." असं म्हणून त्यांनी परडीतलं एक संत्रं सोलून माझ्यापुढे धरलं. "माझ्या बगीच्यातलं आहे. पाहा. सोलाले सोपं. आत फोडी करून ठेवल्या, एकेकाच्या तोंडात मावतीन अशा. प्रत्येकीले वेगळं कागदाचं पाकीट. हे पॅकिंग कोणी केलं?"

मी फोड तोंडात टाकली. इतकं गोड संत्रं मी आमच्याकडे कधी खाल्लं नव्हतं, पण वादात हे कबूल करून चालत नाही. "भोयरसाहेब, हे झाड कलमी आहे ना? खाली मूळ जंबेरी लिंबाचं. नुसत्या जंबेरीचं फळ तोंडात धरवत नाही. म्हणजे हे गोड फळ देवाने नाही, कलम बांधणाऱ्याने केलं."

"बरं. अन् कलम बांधणारा कोणी केला?"

"आणि सीताफळात एवढ्या बिया कोणी भरल्या? तिथे पॅकिंग खात्याला सुट्टी होती?"

भोयर इतक्या मोठ्याने हसले की आतून त्यांच्या पत्नी सुमनकाकू बाहेर आल्या. ठेंगणी, गोरी, नाकात मोठी खड्याची फुली. नवऱ्याला म्हणाल्या, "पहिले खाऊ द्या न त्याहीले. आल्या आल्या देव काय घेऊन बसले? देव कुठं पळून नाही चालला."

जेवायला वडाभात होता. भातावर डाळीचे वडे कुस्करायचे आणि वरून लसूण-मिरचीची कढत फोडणी ओतायची. आमच्याकडे भात हा शेवटी येणारा, समजूतदार पदार्थ असतो. इथे तो अंगावर येतो. सुमनकाकूंनी मला तो तीनदा वाढला. नको म्हणायला तोंड उघडलं की त्या वाढत, आणि उघडलं नाही तरी वाढत.

निरोप घेताना भोयर म्हणाले, "वाद परवा आहे. उद्या चला माझ्यासंगं, रामटेकच्या तिकडं. माझा साक्षीदार दाखवतो तुम्हाले. उलटतपासणी घ्या त्याची."

रामटेकच्या पलीकडे

सकाळी फियाटमधून आम्ही तिघे निघालो: भोयर, गजभिये आणि मी. तिघांत गाडी चालवता येणारे एकटे भोयर, आणि तेही बोलताना दोन्ही हात वापरणारे. कामठीपर्यंत बरोबर आलेली गजभियांची पत्नी दवाखान्यापाशी उतरली. डॉक्टर शकुंतला गजभिये फार बोलत नसत. उतरताना नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "संध्याकाळी वेळेवर या. आणि दोघांना एकमेकांशी भांडू द्या, तुम्ही मध्ये पडू नका."

कन्हान नदी ओलांडली, मनसर आलं, तिथून रामटेककडे वळलो. डोंगरावरची देवळं उन्हात पांढरी दिसत होती. भोयरांनी गाडी न थांबवता स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून नमस्कार केला. गजभियांनी आणि मी दरवाजा घट्ट धरला. त्या क्षणी गाडीत श्रद्धेचा अभाव नव्हता.

पुढे रान सुरू झालं. सागाची पानगळ चालू होती. पळसाला अजून रंग फुटायचा होता, पण कळ्या काळ्या मखमलीसारख्या फुगलेल्या. एका जुन्या तलावाच्या काठी भोयरांनी गाडी उभी केली. पाण्यावर बदकांचे थवे बसले होते. तलावाची भिंत त्यांनी नोकरीत असताना दुरुस्त करून घेतली होती. तिच्याकडे ते थोडं रागाने पाहत म्हणाले, "अजून गळते साली."

मग त्यांनी साक्षीदार दाखवला. काठावर अर्जुनाचं एक प्रचंड झाड होतं, गोऱ्या खोडाचं. त्याच्या उंच आडव्या फांद्यांखाली काळ्या चादरी वाळत घातल्यासारखी आग्या मोहोळं लटकत होती. नीट पाहिलं की त्या चादरींवरून मधूनच एक शहारा धावत जाई. हजारो माश्या एकामागून एक पोट उचलत. मी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं प्रथमच. माझ्याही अंगावर तसाच एक शहारा येऊन गेला. तो मी कोणाला सांगितला नाही.

भोयरांनी पिशवीतून एक डबा काढला. त्यात जुन्या पोळ्याचा वाळका तुकडा होता. "वरचं तं दिसत नाही, माश्या बसून राहिल्या त्याच्यावर. म्हणून हे आणलं. पाहा प्रोफेसर. सहा कोन. सगळे सारखे. मी जिंदगीभर भिंती बांधल्या. एका भिंतीले नकाशा लागते, ओव्हरसियर लागते, कंत्राटदार लागते, अन् तरी गळते. हे माशी अंधारात काम करते. तिले ना फूटपट्टी, ना टेंडर. अन् थेंब गळत नाही. मग नकाशा कुठं तरी असनच न?"

मी त्यांना सांगितलं, की नकाशाची गरज नाही. मेण महाग असतं. कमी मेणात जास्त जागा करायची तर सहा कोनच परवडतात. ज्या माश्यांनी उधळपट्टी केली त्या उपाशी मेल्या, ज्यांनी काटकसर केली त्यांची लेकरं ही वर लटकली आहेत. कोट्यवधी वर्षांचा वेळ हाच ओव्हरसियर.

"वेळ?" भोयर म्हणाले. "वेळानं कामं होत असती तर आमच्या खात्याची केव्हाच झाली असती!"

मी तलावाच्या गळक्या भिंतीकडे पाहिलं.

गजभिये या सगळ्यात वांगी चिरत होते. बेत रोडग्यांचा होता: जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. रोडगे करावेत तर भोयरांनीच, असं भोयरांचं मत होतं. मी वर बोट दाखवून धुराबद्दल विचारलं. त्यांनी चिमूटभर माती हवेत उडवली. "वारा तलावाकडं जाऊन राहिला. काही होत नाही. इंजिनियर आहो मी."

गोवऱ्या पेटल्या. धूर इमानाने तलावाकडे जात होता. आम्ही सतरंजीवर बसून संत्री खात होतो, गजभिये हात धुवायला पाण्यापाशी गेले होते. आणि मग वारा फिरला.

आवाज आधी आला. खूप लांबून ट्रक यावा तसा, पण वरून. काळी चादर फांदीवरून सुटली. मी उभा राहिलो आणि उभाच राहिलो. धावायचं हे डोकं सांगत होतं, पण पायांनी ऐकलं नाही. गालावर पहिला डंख बसला, मग मानेवर. तेवढ्यात भोयरांनी मला खांद्याला धरून खाली पाडलं, खालची सतरंजी ओढली आणि तिच्यात मला डोक्यापासून गुंडाळलं. "हलू नका!" एवढं ओरडले. सतरंजीवर गारा पडाव्यात तसा सडा पडत होता. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गाडी माझ्याजवळ येऊन थांबली आणि त्यांनी मला गुंडाळीसकट मागच्या सीटवर लोटलं. पुढे काठावर थांबून हॉर्न वाजवला. गजभिये नाकापर्यंत पाण्यात बसले होते. ते तसेच निथळत येऊन आत शिरले.

मी सतरंजीतून डोकं बाहेर काढलं तेव्हा गाडी मनसरच्या रस्त्याला लागली होती. भोयरांकडे मला बघवेना. चेहरा, कान, टक्कल, हात, जिथे पाहावं तिथे काळे काटे. डोळे मिटत चालले होते. आणि गाडी चालवणारे तेच.

"डावीकडे साहेब, थोडं डावीकडे," गजभिये सांगत होते. "बैलगाडी आहे. हळू. गेली. सरळ."

"सरळच चाललो न गा," भोयर म्हणाले. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता.

मनसरच्या फाट्याशी त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला नीट घेतली, ब्रेक लावला, किल्ली काढून गजभियांच्या हातात दिली आणि मग ते स्टिअरिंगवर कोसळले.

मँगनीजची माती भरलेला एक ट्रक कामठीकडे निघाला होता. गजभिये रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ड्रायव्हर खाली उतरला, एकदा पाहिलं आणि काही न विचारता भोयरांना आमच्याबरोबर उचलून केबिनमध्ये घेतलं. वाटेत तो म्हणाला, "ऊपरवाले का शुकर है, मेरा टायर पंक्चर हुआ था. नहीं तो मैं कब का निकल गया होता."

एरवी मी यावर बोललो असतो. पंक्चर करणारा वरचा, तर धूर वळवणारा कोण, असं विचारलं असतं. पण भोयरांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी त्यांच्या कपाळावरचे काटे नखाने काढत होतो. काट्यांबरोबर अष्टगंधही निघून येत होतं.

कामठी

डॉक्टरीणबाईंनी आधी इंजेक्शन दिलं, मग प्रश्न विचारले. आत मोठा पंखा, कण्हणारे दोन-तीन रोगी आणि जंतुनाशकाचा वास. गजभिये घडलेलं सांगायला लागले: वारा कसा फिरला, गोवऱ्या कोणी पेटवल्या. त्या म्हणाल्या, "कोणाचं चुकलं ते नंतर. प्रोफेसर, तुम्ही इकडे या. चिमट्याने नको, ब्लेडच्या पाठीने खरवडा. दाबू नका, विष आत जातं." आणि त्या दुसरी सिरिंज भरायला लागल्या.

मग थांबणं. मी बाकावर बसलो. माश्यांच्या विषात काय काय असतं हे मला ठाऊक होतं. ते शरीरात काय करतं, घसा कसा आवळत जातो, हेही. त्या ज्ञानाचा मला त्या दुपारी काडीइतका उपयोग झाला नाही. उलट प्रत्येक शिट्टीसरशी पुढची पायरी कोणती, ते आधीच कळत होतं.

दुपारी सुमनकाकू आल्या. शेजाऱ्यांनी स्कूटरवरून आणलं होतं. आत जाऊन नवऱ्याला पाहून आल्या आणि माझ्याशेजारी बाकावर बसल्या. रडल्या नाहीत. ओठ मात्र सारखे हलत होते. न राहवून मी विचारलं, "जप करताय का, काकू?"

"काय माहीत," त्या म्हणाल्या. "अर्धं देवाचं नाव आहे, अर्ध्या शिव्या आहेत."

"देवाला?"

"ह्याहीले. म्हातारपणी मोहोळाखाली रोडगे भाजाले गेले, ते काय देवानं सांगितलं होतं?"

उन्हं उतरायला लागली तशी शिट्टी बंद झाली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि टेबलाच्या कडेला टेकल्या. "श्वास मोकळा झाला. आता झोपू दे त्यांना." काकूंनी त्यांचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. डॉक्टरीणबाई संकोचून म्हणाल्या, "अहो काकू, औषधाने झालं हो."

"हो वं बाई," काकू म्हणाल्या, "मी कुठं नाही म्हणून राहिली? पण पाया कोणाच्या पडू? बाटलीच्या?"

संध्याकाळी भोयरांनी आम्हाला आत बोलावलं. चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला, डोळ्यांच्या जागी दोन चिरा. गजभिये म्हणाले, की सभा रद्द करतो, लोकांना कळवतो.

"रद्द काहून?" भोयर सुजलेल्या ओठांतून म्हणाले. "लोकं येऊन राहिले न. माझी बाजू हे मांडतीन."

"कोण?"

"प्रोफेसर. दोन दिवस ऐकून राहिले माझं. पहिले माझी मांडा, मग तुमची. पण एक सांगतो गा, माझी लंगडी करून मांडू नको."

जवळच्या माणसाला म्हणतात तसं त्यांनी मला 'गा' म्हटल्याचं माझ्या लक्षात आलं. माझ्या गालावर आणि मानेवर मिळून चार-पाच डंख होते. भोयरांचे मोजणं डॉक्टरीणबाईंनी सोडून दिलं होतं. मी हो म्हटलं.

सभागृह

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. मोहोळाची बातमी गावभर गेली होती, आणि खरं तर लोक वाद ऐकायला नाही, तर डंख पाहायला आले होते. माझा एक गाल वर आला होता; त्याने त्यांची थोडीफार सोय झाली.

मी आधी भोयरांच्या बाजूने बोललो. ठरवलं होतं, की प्रामाणिकपणे बोलायचं. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. पण बोलता बोलता ते अर्जुनाचं झाड माझ्यापुढे उभं राहिलं. काळ्या चादरीवरून धावणारा तो शहारा मी सांगितला. अंधारात फूटपट्टीशिवाय उभ्या राहणाऱ्या मेणाच्या भिंती सांगितल्या. नकाशा, ओव्हरसियर, कंत्राटदार, आणि तरी गळणारं धरण सांगितलं, तेव्हा पाटबंधारे खात्यातली माणसं ओळखू येतील इतक्या जोरात हसली. "एवढी थोर रचना पाहून कोणाला तरी धन्यवाद द्यावेसे वाटतात," मी म्हणालो, "आणि धन्यवाद हवेत देता येत नाहीत." हे वाक्य भोयरांचं नव्हतं. माझंही नव्हतं. कुठून आलं माहीत नाही. बहुधा कामठीच्या बाकावरून.

टाळ्या थांबायला वेळ लागला.

मग पाणी पिऊन मी माझ्या बाजूने बोललो. मेणाचा खर्च, सहा कोनांचा हिशेब, कोट्यवधी वर्षं. सगळं बरोबर होतं. शब्दन् शब्द खरा होता, आजही मी त्यातला एकही मागे घेणार नाही. पण समोर कुणीतरी जांभई दिली, आणि जांभई ही सभागृहात आग्या मोहोळासारखीच पसरते. मी तीस वर्षं वर्गात तोंड दिलेले चेहरे मला समोर दिसायला लागले. मी आवरतं घेतलं.

अध्यक्षांनी मत विचारलं. कर्ता आहे, असं म्हणणाऱ्यांचे हात वर झाले तेव्हा मागची भिंत दिसेना. कर्त्याची गरज नाही, असं म्हणणारे मागच्या बाकांवरचे काही कॉलेजकुमार आणि पहिल्या रांगेतले गजभिये. गजभियांनीही हात पाहुण्यासाठी वर केला असावा, अशी मला शंका आहे. अशा रीतीने माझ्याच हातून माझा दणदणीत पराभव झाला. हार माझ्याच गळ्यात पडला, पण तो विजयाचा की सांत्वनाचा, हे घालणाऱ्यालाही ठरवता आलं नाही.

जिन्यावर जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक म्हातारे गृहस्थ भेटले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या आधी जे बोलले न, ते फार सुंदर बोलले. कोण होते ते?"

"पुण्याकडचे होते," मी म्हणालो.

पुन्हा धरमपेठ

भोयरांना घरी आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा ते व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते, चेहऱ्याला कसलासा पांढरा लेप. सुमनकाकू आत होत्या आणि भांडी जरा जास्तच वाजत होती.

मी निकाल सांगितला. त्यांना हसू आलं, पण ओठ दुखले म्हणून त्यांनी ते आवरलं.

"मोहोळाचं सांगितलं काय?"

"सगळं सांगितलं. धरणासकट."

"मोहोळ सोडून द्याले पाहिजे होतं," ते म्हणाले. "मी पडल्या पडल्या विचार करून राहिलो होतो. भिंत सहा कोनी केली, ठीक. मध भरला, ठीक. पण तो काटा कोणी डिझाइन केला? उलटे दाते आहेत म्हणते त्याले. माणसाच्या अंगात राहते, अन् माशी मरते. म्हणजे मारणाराही मरते, मार खाणाराही. असा नकाशा माझ्यापुढं कोणी आणला असता, तं मी सही केली नसती."

"मग तुमचा विश्वास...?"

"तो आहे," ते झटकन म्हणाले. "त्याले काय झालं? इंजिनियर आहे तो, एवढंच म्हणून राहिलो. पण त्याच्यासंगं मले बसाचं आहे एकदा, फाइल घेऊन." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हेच सकाळी बोललो, तं बायको माझ्याशी बोलून नाही राहिली. म्हणते, ज्यानं वाचवलं त्याले नावं ठेवता. तुम्ही जरा समजवा न तिले. काल एवढं चांगलं बोलले म्हणता देवाच्या बाजूनं."

मी माझ्या पायांकडे पाहिलं. दोन दिवसांत दुसऱ्यांदा माझ्यावर देवाची वकिली आली होती. पण त्याआधी मला एक विचारायचं होतं, आणि गाडीची वेळ होत आली होती.

"भोयरसाहेब, सतरंजी एकच होती. तुम्ही ती मला का गुंडाळली?"

त्यांना प्रश्न कळला नसावा. "म्हणजे?"

"तुम्ही तिच्यात शिरू शकला असतात. मी उभा होतो तो उभाच राहिलो असतो. तुमचा माझा संबंध काय? आदल्या संध्याकाळपर्यंत ओळख नव्हती. शिवाय मी विरोधी पक्ष."

"विचार कराले वेळ कुठं होता?" ते म्हणाले. मग जरा अस्वस्थ होऊन, एखाद्या सभेत अडकल्यासारखे, म्हणाले, "अन् त्यात काय एवढं? माशीही करते न. मोहोळावर आलं की आपला जीव देते. तुमच्याच पुस्तकात असन."

पुस्तकात होतंच. माशी आपल्या मोहोळासाठी मरते, कारण मोहोळात तिच्या बहिणी असतात. तिचंच रक्त पुढे जातं. मी तोंड उघडून ते सांगणार, तेवढ्यात आतली भांडी थांबली आणि दारात सुमनकाकू उभ्या राहिल्या. सकाळपासूनचा अबोला त्यांनी एका दमात मोडला.

"माशी तिच्या घरच्याहीसाठी मरते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही कोणासाठी मरून राहिले होते? ह्या कोल्हापूरवाल्यासाठी?"

भोयर हसले. ओठ फाटून रक्त आलं, तरी हसत राहिले. काकूंनी पदराने ते टिपलं आणि मग मला विचारलं, जेवून जाणार की असेच. माझ्या दोन भाषणांपैकी एकातही त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. गाडीची वेळ विसरून मी आत जाऊन पानावर बसलो.